वापरलेल्या मोटारीची आयात : खासगी मालकी आणि सार्वजनिक हित

कुवेत किंवा दुबई येथे दहा-बारा वर्षे नोकरी करून रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या गावी कायमचा परतणारा एखादा तंत्रज्ञ डोळ्यांसमोर आणावा. घरातील सामानाची बांधाबांध झाली आहे. दोन वर्षांपूर्वी तेथे घेतलेली, उत्तम जपलेली मोटारही सोबत न्यावी, असे त्याला वाटते. मोटार त्याच्या मालकीची आहे, तिची पूर्ण किंमत त्याने चुकविली आहे आणि ती विकण्याचा त्याचा हेतू नाही. तरीही चौकशी केल्यावर त्याला समजते की ही मोटार भारतात आणणे जवळजवळ अशक्य आहे. ‘वस्तू माझी, वापर माझा, मग शासनाचा संबंध कोठे येतो?’ हा त्याचा प्रश्न स्वाभाविक आहे.

या प्रश्नाच्या उत्तरात विदेश व्यापार धोरण, करप्रणाली, केंद्र-राज्य अधिकारविभागणी, जागतिक व्यापार संघटनेचे नियम, रस्ते सुरक्षा आणि पर्यावरण हे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमातील अनेक विषय एकत्र येतात. जुन्या मोटारींच्या आयातीवर भारतात सरसकट बंदी नाही. मात्र वयोमर्यादा, तांत्रिक निकष आणि सीमाशुल्क या तीन अटी एकत्र आल्या की त्यांचा परिणाम बंदीच्या अगदी जवळ जातो. या तिन्ही अटींमागील कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांचे मूल्यमापनही स्वतंत्रपणेच करावयास हवे.

मोटार हे ‘सामान’ नव्हे

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला काही वस्तू शुल्काविना आणता येतात आणि निवास बदलून कायमचे परतणाऱ्या व्यक्तींना घरगुती वस्तूंसाठी अधिक सवलती मिळतात. त्यामुळे मोटारही याच सवलतीत बसेल, अशी अनेकांची समजूत असते. परंतु सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम २(३) मध्ये ‘सामान’ या संज्ञेची व्याख्या देताना तीतून मोटार वाहने स्पष्टपणे वगळण्यात आली आहेत. प्रवाशाबरोबर न येता मागाहून येणाऱ्या पेट्या ‘सामान’ ठरतात. मोटार मात्र प्रवाशाबरोबर एकाच जहाजातून आली तरी सामान ठरत नाही.

साहजिकच मोटार वैयक्तिक वापरासाठी असो वा विक्रीसाठी, कायद्याच्या दृष्टीने ती एक स्वतंत्र आयात असते. तिच्यासाठी आयात धोरणातील अटी पूर्ण कराव्या लागतात, कलम ४६ नुसार ‘बिल ऑफ एंट्री’ हे आयात विवरणपत्र दाखल करावे लागते आणि शुल्क भरावे लागते. शुल्काची आकारणी करताना आयातदाराचा हेतू नव्हे, तर वस्तूचे स्वरूप निर्णायक ठरते, हे सूत्र येथे लक्षात ठेवावे.

घटनात्मक आणि वैधानिक चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील तिन्ही सूच्यांचा या विषयाशी संबंध येतो. परदेशांशी होणारा व्यापार आणि सीमाशुल्क सरहद्दीवरील आयात-निर्यात हा केंद्र सूचीतील ४१ व्या नोंदीचा विषय आहे, तर सीमाशुल्काची आकारणी ८३ व्या नोंदीत येते. यंत्रचालित वाहने आणि त्यांवरील कराची तत्त्वे समवर्ती सूचीतील ३५ व्या नोंदीत आहेत. वाहनांवर प्रत्यक्ष कर बसविण्याचा अधिकार मात्र राज्य सूचीतील ५७ व्या नोंदीनुसार राज्यांना आहे. म्हणूनच बंदरात केंद्राचे शुल्क भरून सोडविलेल्या मोटारीवर पुढे नोंदणीच्या वेळी राज्याचा मोटार वाहन करही भरावा लागतो.

या विषयाचे नियमन प्रामुख्याने तीन कायदे करतात. विदेशी व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२ नुसार कोणती वस्तू मुक्तपणे आणता येईल, कोणती अटींवर आणि कोणती मुळीच नाही, हे ठरते. त्याची अंमलबजावणी विदेशी व्यापार महासंचालनालय करते. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ नुसार मूल्यनिर्धारण, शुल्कवसुली आणि उल्लंघनावरील कारवाई होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार वाहनाची रचना, सुरक्षितता, प्रदूषणमर्यादा आणि नोंदणी यांचे नियमन होते. आयातदाराला या तिन्ही कायद्यांची पूर्तता करावी लागते. शुल्क भरलेली मोटार सुरक्षिततेच्या निकषांत बसली नाही तर तिचा उपयोग नाही आणि निर्दोष मोटारही वयोमर्यादेबाहेर गेली तर तिला प्रवेश नाही.

परवान्याकडून प्रशुल्काकडे

स्वातंत्र्योत्तर काळात परकीय चलनाची टंचाई हे भारताच्या आयात धोरणाचे मुख्य सूत्र होते. मोटारीसारखी उपभोग्य वस्तू परवान्याशिवाय आणता येत नसे. दीर्घ वास्तव्यानंतर कायमचे परतणाऱ्या व्यक्तींसारख्या काही गटांना पूर्ण शुल्क भरण्याच्या अटीवर मर्यादित मुभा असे. या संख्यात्मक निर्बंधांना आंतरराष्ट्रीय आधार होता तो ‘गॅट’ कराराच्या अठराव्या कलमातील ‘ब’ विभागाचा. व्यवहारतोलाच्या अडचणीत असलेल्या विकसनशील देशांना हा विभाग आयातीवर मर्यादा घालण्याची परवानगी देतो.

१९९१ नंतर भारताची परकीय चलनाची स्थिती सुधारत गेली आणि हा आधार कमकुवत झाला. १९९७ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत भारताच्या निर्बंधांना आव्हान दिले. २,७१४ प्रशुल्क ओळींवरील निर्बंधांचा हा वाद होता. १९९९ मध्ये प्रथम तंटा निवारण मंडळाच्या पॅनेलने आणि नंतर अपील मंडळाने भारताच्या विरोधात निर्णय दिला. त्यानंतर दोन देशांत झालेल्या समझोत्यानुसार उरलेल्या १,४२९ वस्तूंपैकी ७१४ वस्तूंवरील निर्बंध १ एप्रिल २००० पासून आणि ७१५ वस्तूंवरील निर्बंध १ एप्रिल २००१ पासून उठविण्यात आले. मोटारींचा समावेश या शेवटच्या टप्प्यात होता.

परवान्याची भिंत पडताच विकसित देशांतील जुन्या मोटारींचा लोंढा भारतात येईल, अशी भीती देशातील वाहन उद्योगाने व्यक्त केली. शासनाने दोन उपाय योजले. २००१-०२ च्या अर्थसंकल्पात जुन्या मोटारींवरील मूळ सीमाशुल्क १०५ टक्के करण्यात आले. इतर शुल्के मिळून एकूण भार सुमारे १८० टक्क्यांवर गेला. त्याच वेळी आयात धोरणात जुन्या वाहनांसाठी तांत्रिक अटींची मालिका घालण्यात आली. म्हणजे संख्यात्मक निर्बंधांची जागा प्रशुल्काने आणि बिगर-प्रशुल्क उपायांनी घेतली. ‘निर्बंध उठणे’ आणि ‘आयात खुली होणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे हे ठळक उदाहरण होय.

आयातीच्या अटी आणि त्यांचा अर्थ

पहिली अट वयाची आहे. वापरलेले वाहन उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुने नसावे. वय मोजले जाते ते उत्पादनापासून, नोंदणीपासून नव्हे. कारखान्यातून बाहेर पडून वर्षभर विक्रेत्याकडे उभी राहिलेली मोटार मालकाच्या दृष्टीने दोन वर्षांची असली, तरी धोरणाच्या दृष्टीने ती तीन वर्षांची असते.

दुसरी अट रचनेची. सुकाणू चक्र उजव्या बाजूस असावे, वेगमापक किलोमीटर दर्शविणारा असावा आणि पुढील दिव्यांचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीस अनुरूप असावा. दिव्यांची अट वरवर किरकोळ वाटते, पण तिच्यामागे ठोस कारण आहे. खालच्या झोताचा प्रकाश दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. रस्त्याच्या कडेला तो दूरवर पोचतो आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या बाजूस आखूड ठेवलेला असतो. उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशातील मोटार आपल्या रस्त्यावर आली, तर तिचा लांब झोत नेमका समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जाईल.

आरंभी उल्लेखिलेल्या तंत्रज्ञाची अडचण येथेच निर्माण होते. आखातातील कुवेत, सौदी अरेबिया, कतार, बहरीन, ओमान आणि संयुक्त अरब अमिरात या सर्व देशांत वाहतूक उजव्या बाजूने चालते आणि मोटारींचे सुकाणू चक्र डावीकडे असते. कोकण आणि केरळ येथील लक्षावधी कुटुंबे ज्या प्रदेशाशी रोजगाराने जोडलेली आहेत, तेथील मोटारी या एकाच अटीने बाद ठरतात. याउलट जपान, ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या देशांत वाहतूक डावीकडून चालते. तेथील मोटार ही अट पूर्ण करू शकते. मात्र ब्रिटनमध्ये वेग मैलांत मोजला जात असल्याने वेगमापकाकडे लक्ष द्यावे लागते.

तिसरी अट टिकाऊपणाची आहे. आयातीनंतर किमान पाच वर्षे वाहन रस्त्यावर धावण्यास योग्य राहील आणि त्या काळात देशात त्याच्या दुरुस्तीची सोय उपलब्ध असेल, याची हमी द्यावी लागते. सुटे भाग न मिळणारी मोटार काही वर्षांतच भंगार ठरते आणि तिची विल्हेवाट लावण्याचा भार आयात करणाऱ्या देशावर पडतो, हा यामागील विचार आहे.

चौथी अट तपासणीची आहे. जहाजावर चढविण्यापूर्वी अधिसूचित संस्थेकडून तपासणी करून घेऊन वाहन भारतीय नियमांशी सुसंगत असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. भारतात पोचल्यावर, ते ताब्यात मिळण्यापूर्वी, पुन्हा चाचणी होते. त्यासाठी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील संरक्षण मंत्रालयाची वाहन संशोधन व विकास आस्थापना आणि कृषी यंत्रांसाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था यांची नावे धोरणात आहेत. जुन्या वाहनांची आयात केवळ मुंबई बंदरातूनच करता येते. तपासणीचे कौशल्य एका ठिकाणी केंद्रित राहावे आणि पळवाटा कमी व्हाव्यात, हा याचा प्रशासकीय लाभ. कोलकाता किंवा चेन्नई येथील रहिवाशाला सोसावा लागणारा जादा खर्च हा त्याचा तोटा.

शुल्काचे गणित

शुल्काची आकारणी ‘आकारणीयोग्य मूल्या’वर होते. त्यात वस्तूची किंमत, विमा आणि भारतापर्यंतच्या वाहतुकीचा खर्च यांचा समावेश असतो. जुन्या मोटारीचे मूल्य ठरविणे मात्र सोपे नसते. नव्या वस्तूची किंमत कारखान्याच्या दरपत्रकात सापडते. जुन्या मोटारीची किंमत ग्राहक आणि विक्रेता यांच्या परस्पर सौद्यावर अवलंबून असते आणि कागदावर ती कमी दाखविण्याचा मोह मोठा असतो. दाखविलेल्या किमतीवर विश्वास ठेवण्यास जागा नसेल तर सीमाशुल्क अधिकारी ती नाकारू शकतात आणि नव्या मोटारीच्या किमतीतून वयानुसार घसारा वजा करण्यासारख्या पद्धतीने मूल्य निश्चित करतात.

जुन्या मोटारींवरील मूळ सीमाशुल्क पुढे १०० टक्क्यांपर्यंत खाली आले आणि २०१३ मध्ये ते १२५ टक्के झाले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्याची पुनर्रचना होऊन मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर ६७.५ टक्के अशी विभागणी करण्यात आली. दोन्हींची बेरीज १३७.५ टक्के होते. पूर्वीचे १२५ टक्के आणि त्यावरील दहा टक्के समाजकल्याण अधिभार यांची बेरीजही तितकीच होत असे. म्हणजे मूळ दर घटल्याचे दिसले तरी आयातदाराचा भार बदलला नाही. अर्थसंकल्पातील आकडे वाचताना ही दक्षता विद्यार्थ्यांनी अवश्य बाळगावी.

एक उदाहरण घेऊ. मोटारीचे आकारणीयोग्य मूल्य १० लाख रुपये आहे. मूळ सीमाशुल्क ७ लाख आणि उपकर ६.७५ लाख रुपये. या तिन्हींची बेरीज २३.७५ लाख रुपये होते आणि एकात्मिक वस्तू व सेवा कर या बेरजेवर आकारला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या रचनेनुसार मोठ्या मोटारींवर हा कर ४० टक्के आहे, म्हणजे ९.५० लाख रुपये. एकूण कर २३.२५ लाख रुपये. दहा लाखांची मोटार बंदराबाहेर येते तेव्हा तिची किंमत ३३.२५ लाख झालेली असते. त्यात राज्याचा मोटार वाहन कर, तपासणी आणि बंदरातील खर्च अजून मिळविलेला नाही. लहान पेट्रोल मोटारींवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे. त्या हिशेबाने एकूण कर सुमारे १८ लाख रुपये होतो. शुल्कावर पुन्हा कर, ही आकारणीची साखळी या उदाहरणातून स्पष्ट व्हावी.

या शुल्कातून सूट मिळते काय? सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम २५(२) नुसार अपवादात्मक परिस्थितीत केंद्र शासन विशेष आदेशाने सूट देऊ शकते. २००३ मध्ये सचिन तेंडुलकर यांना भेट मिळालेल्या फेरारी मोटारीवरील शुल्क माफ करण्याचा निर्णय वादाचा विषय झाला. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि अखेरीस फियाट कंपनीने शुल्क भरले. कितीही लोकप्रिय व्यक्ती असली तरी करातील सवलतीस सार्वजनिक हिताचे कारण लागते, हा धडा त्या प्रसंगाने दिला.

तात्पुरता प्रवेश आणि बेकायदा प्रवेश

स्वतःच्या मोटारीतून देशोदेशी प्रवास करणाऱ्या पर्यटकाला आयातशुल्क भरावे लागत नाही. खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीसंबंधी १९५४ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या करारानुसार ‘कार्नेट’ या दस्तऐवजावर मोटार मर्यादित काळासाठी देशात आणता येते. भारतात ही मुदत सर्वसाधारणपणे सहा महिन्यांची असते. मोटार परत नेली नाही तर हमी देणाऱ्या संघटनेकडून शुल्क वसूल होते. येथे डावीकडील सुकाणू चक्राची मोटारही चालते, कारण ती पाहुणी असते, रहिवासी नव्हे.

शुल्काचा दर जितका चढा, तितकी नियम चुकविण्यातील कमाई अधिक, हे अर्थशास्त्रीय तत्त्व या क्षेत्रातही अनुभवास येते. भूतानमध्ये वाहतूक डावीकडून चालते आणि भारताशी त्याची सरहद्द लांब व बरीचशी खुली आहे. तेथील जुन्या मोटारी बेकायदा आणून बनावट कागदपत्रांच्या आधारे भारतात नोंदविल्या गेल्याच्या संशयावरून सप्टेंबर २०२५ मध्ये सीमाशुल्क विभागाने केरळात ‘नुमखोर’ या नावाने मोहीम हाती घेतली. अशा प्रकरणी कलम १११ नुसार वाहन जप्त होऊ शकते, कलम ११२ नुसार दंड होऊ शकतो आणि कलम १२५ मध्ये जप्तीऐवजी विमोचन दंडाची तरतूद आहे. अशी मोटार पुढे विकत घेणारा अनभिज्ञ ग्राहकही अडचणीत येतो. म्हणून परदेशी बनावटीची जुनी मोटार खरेदी करताना नोंदणी प्रमाणपत्राबरोबरच मूळ ‘बिल ऑफ एंट्री’ पाहणे हितावह असते.

इतर देशांचा अनुभव

वापरलेल्या मोटारींचा जागतिक व्यापार प्रचंड आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१५ ते २०१८ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख हलकी जुनी वाहने निर्यात झाली. त्यांतील सुमारे ८० टक्के वाहने कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेली आणि निम्म्याहून अधिक आफ्रिकेत पोचली. युरोपीय संघ, जपान आणि अमेरिका हे प्रमुख निर्यातदार होते. अभ्यासलेल्या १४६ देशांपैकी सुमारे दोनतृतीयांश देशांची यासंबंधीची धोरणे दुर्बल असल्याचे अहवालात नमूद आहे. परिणामी, मूळ देशात रस्त्यावर चालण्यास अपात्र ठरलेली वाहने गरीब देशांच्या हवेत धूर सोडत राहतात.

न्यूझीलंडचा मार्ग वेगळा आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्या देशाने जपानी जुन्या मोटारींना दार उघडले आणि १९९८ मध्ये मोटारींवरील प्रशुल्क रद्द केले. सामान्य कुटुंबाला चांगली मोटार स्वस्तात मिळू लागली. मात्र त्याच सुमारास देशातील मोटार जुळणीचे कारखाने बंद झाले. ग्राहकाचा लाभ आणि कामगाराचे नुकसान ही एकाच निर्णयाची दोन अंगे होती.

श्रीलंकेत कारण परकीय चलनाचे होते. मार्च २०२० मध्ये तेथे वाहनांची आयात थांबविण्यात आली आणि खासगी मोटारींसाठी ती फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात देशातील जुन्या मोटारींच्या किमती आकाशाला भिडल्या. १९९१ पूर्वीच्या भारताने ज्या कारणासाठी परवाने ठेवले होते, तेच कारण शेजारच्या देशात तीस वर्षांनंतर नव्याने उभे राहिले.

संरक्षण की छुपा अडथळा?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भारताच्या अटी सार्वजनिक हिताच्या आहेत, की वाहन उद्योगाच्या संरक्षणासाठी सुरक्षिततेचे नाव पुढे करण्यात आले आहे? आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्यात या प्रश्नाची कसोटी उपलब्ध आहे. ‘गॅट’ कराराचे विसावे कलम मानवी आरोग्य व पर्यावरण यांच्या रक्षणासाठी व्यापारावर मर्यादा घालण्यास मुभा देते; मात्र त्या मर्यादा मनमानी भेदभावाचे किंवा छुप्या संरक्षणाचे साधन होता कामा नयेत.

ब्राझीलने पुन्हा रबर चढविलेल्या जुन्या टायरांच्या आयातीवर घातलेल्या बंदीचा वाद येथे मार्गदर्शक आहे. टाकाऊ टायरांच्या ढिगांत डास वाढतात आणि आगी लागतात, हे ब्राझीलचे कारण होते. २००७ मध्ये अपील मंडळाने आरोग्यासाठी ही बंदी आवश्यक असल्याचे मान्य केले. परंतु शेजारच्या व्यापारगटातील देशांना दिलेली सूट आणि न्यायालयीन आदेशांमुळे चालू राहिलेली जुन्या टायरांची आयात यांमुळे बंदीची अंमलबजावणी भेदभावपूर्ण ठरली. हेतू योग्य असणे पुरेसे नाही. अंमलात सुसंगती हवी, हा त्या निर्णयाचा सारांश होय.

या कसोटीवर सुकाणू चक्र, दिव्यांचा झोत आणि प्रदूषणमर्यादा या अटी सहज टिकतात, कारण त्या भारतात बनलेल्या मोटारींनाही लागू आहेत. शुल्काच्या बाबतीत ढोंग नाही; ते उघडपणे संरक्षण आणि महसूल यांसाठी आहे आणि त्याचे समर्थन रोजगाराच्या आधारे करावे लागते. वादाचा खरा मुद्दा आहे तो वयोमर्यादेचा. १ एप्रिल २०२० पासून भारतात भारत स्टेज-६ मानके लागू झाली. तितक्याच कडक मानकांची, पाच वर्षे वापरलेली एखादी जपानी मोटार भारतात येऊ शकत नाही; मात्र जुन्या मानकांच्या पंधरा वर्षांच्या देशी मोटारी योग्यता तपासणीनंतर अनेक राज्यांत धावू शकतात. धूर मोजायचा असेल तर तो धुरानेच मोजावा, वयाने नव्हे, असा युक्तिवाद यावर करता येतो. त्याला उत्तर असे की, प्रत्येक मोटारीची सखोल तपासणी करणारी यंत्रणा उभारणे खर्चिक आहे, मूल्यनिर्धारणात फसवणुकीस वाव राहतो आणि वय हा पडताळण्यास सोपा, वादातीत निकष आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन भंगार धोरणानुसार देशातील जुन्या वाहनांची तपासणी स्वयंचलित केंद्रांतून काटेकोर होऊ लागली, तर वयाच्या अटीला नैतिक बळ मिळेल. घरातील अंगण अस्वच्छ ठेवून पाहुण्याला पाय धुण्यास सांगणे शोभत नाही.

समारोप

आखातातून परतणाऱ्या त्या तंत्रज्ञाला आपण काय सांगावे? तेथील मोटार तेथेच विकावी आणि ते पैसे देशात आणून येथे मोटार घ्यावी, हाच व्यवहार्य सल्ला आहे. पण त्याचा प्रश्न गैरलागू होता, असे मात्र म्हणता येणार नाही. मालकी हा खासगी हक्क असला तरी मोटार सार्वजनिक रस्त्यावर चालते, सार्वजनिक हवेत धूर सोडते आणि अखेरीस सार्वजनिक जागेत भंगार होऊन पडते. म्हणून तिच्यावर नियमन हवेच. त्याच वेळी, प्रत्येक अटीचे कारण नागरिकाला समजेल अशा भाषेत सांगणे आणि ते कारण उरले नसेल तर अट बदलणे, ही शासनाची जबाबदारी आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. संख्यात्मक निर्बंध आणि प्रशुल्क यांतील फरक जुन्या मोटारींच्या आयातीच्या आधारे स्पष्ट करा.

२. वाहनांसंबंधी केंद्र, राज्य आणि समवर्ती सूच्यांतील अधिकारविभागणी विशद करा.

३. आकारणीयोग्य मूल्य ८ लाख रुपये असलेल्या, ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू होणाऱ्या जुन्या मोटारीवरील एकूण कर काढा.

४. ‘वयोमर्यादा हा पर्यावरण रक्षणाचा योग्य निकष नाही.’ साधकबाधक चर्चा करा.